जुनी गाडी द्यायची, नवी घ्यायची : पहिल्यांदाच मोटारसायकल बदलणाऱ्यांसाठी

सोयाबीनचे पैसे हातात आले की मराठवाड्यात तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी गर्दी दिसते, सराफाकडे आणि मोटारसायकलच्या शोरूमला. शोरूमला येणारे बरेच जण जुनी गाडी घेऊनच येतात. "हीच ठेवून घ्या आणि वरचे किती द्यायचे ते सांगा," एवढं बोलून दोन व्यवहार एका दमात उरकायला बघतात. शोरूमवाल्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही. जुनीची किंमत कमी धरली का नवीची जास्त लावली, हे त्या एका "वरच्या" आकड्यात कळतच नाही.

म्हणून पहिल्यापासून दोन वेगळे कागद करा. एकावर जुनीचा हिशोब, दुसऱ्यावर नवीचा. आणि जुनी गाडी विकली असं कधी म्हणायचं हेही ठरवून ठेवा. पैसे मिळाले, चावी दिली, बॉन्ड (स्टॅम्प पेपरवरचा करार) झाला, यातलं काहीही झालं तरी गाडी कायद्याने तुमचीच असते. आरसी म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावरचं तुमचं नाव उतरलं की मग ती विकली.

आधी कागद बाहेर काढा

गाडी धुण्याआधी, फोटो काढण्याआधी, कोणाला भाव विचारण्याआधी कपाटातली फाइल उघडा. आरसी, विमा आणि पीयूसी (प्रदूषणाचा दाखला) समोर ठेवा.

आरसीवर नाव कोणाचं आहे बघा. आपल्याकडे गाडी मुलगा चालवतो आणि ती वडिलांच्या नावावर असते. वडील असतील तर सही आणि ओटीपीसाठी त्यांना सोबत धरावं लागेल, एवढंच. ते हयात नसतील तर मात्र गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. नियमाने मालक गेल्यापासून तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. वर्षं उलटली असतील तरी काम होतं, फक्त वेळ आणि दंड धरून चला. "घेणारा बघून घेईल" म्हणून मयत माणसाच्या नावाची गाडी तशीच देऊ नका. घेणाऱ्याला ती कधीच नावावर करता येत नाही आणि पाच वर्षांनी तो तुमच्याच दारात येतो.

दुसरं, आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे का ते बघा. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. सातबाऱ्यावरून सोसायटीचं कर्ज कमी करायला जसा वेगळा फेर घ्यावा लागतो, तसंच इथेही. कंपनीकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा आणि आरटीओत अर्ज करून तिचं नाव काढायचं. कंपनीच्या एनओसीची मुदत बहुधा काही महिन्यांचीच असते, त्यामुळे जुनी पडली असेल तर नवी मागवा. या कामात आठ-पंधरा दिवस सहज जातात. म्हणूनच ते सगळ्यात आधी.

मग थकलेली चलानं. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की वाहतूक पोलिसांची ई-चलानं दिसतात. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, कधीतरी संभाजीनगरला सिग्नलवर कॅमेऱ्यात सापडलेली गाडी असं काहीतरी निघतंच. ते भरून टाका.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नंबरप्लेट बघा. जुन्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे आणि ती नसेल तर आरटीओत नाव बदलणं, बोजा उतरवणं ही कामं अडतात. दुचाकीसाठी प्लेटचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी आहे. शासनाने नेमलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करूनच ती बसवायची. चौकातल्या दुकानातली तशी दिसणारी प्लेट चालत नाही.

शेवटी नोंदणीची मुदत. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११-१२ ची गाडी विकत असाल तर फेरनोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर कोण भरणार हे भाव ठरतानाच बोलून घ्या, नंतर त्यावरून वाद होतो.

आणखी एक बारकं काम. तुमचा आताचा मोबाइल नंबर परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीत जोडलेला आहे का ते बघा. गाडी घेतली तेव्हाचं सिम कधीच बंद पडलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जाचा ओटीपी त्याच बंद नंबरवर जातो.

जुनीचा भाव कसा काढायचा

आपण किती रुपयांना घेतली होती हे विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कंपनीने फायदा पूर्ण पुढे दिला तर कर धरून ८०,००० ची गाडी ७३,७५० ला पडते. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. गिऱ्हाईक आजच्या नवीशी तुलना करणार, तुमच्या जुन्या पावतीशी नाही.

सुरुवात करायला विमा कंपन्यांची घसाऱ्याची पट्टी बरी. त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत धरा. गाडी दोन वर्षं ओलांडून तीनच्या आत असेल तर ३० टक्के वजा, चारच्या आत असेल तर ४०, पाचच्या आत असेल तर ५० टक्के. वरच्या ७३,७५० च्या गाडीला साडेतीन वर्षं झाली असतील तर साधारण ४४,००० येतात. पाचच्या पुढे पट्टी नाही, तिथे गाडीची तब्येत आणि बाजार बोलतो.

आता बाजाराकडे या. आपल्या भागात स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना यांसारख्या गाड्या या पट्टीच्या वर जातात, कारण मिस्त्री गावात आहे आणि सामान तालुक्याला मिळतं. दोनशे सीसीच्या वरची झगमगीत गाडी पट्टीच्या खाली जाते. तिचं गिऱ्हाईक थोडं, त्यातही कॉलेजचं पोरगं, आणि त्याचे पैसे घरून यायचे असतात. ऑनलाइन जाहिरातींत आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दिसतो तो सांगायचा भाव असतो. खरा भाव हवा असेल तर जुन्या गाड्यांच्या दोन-तीन कन्सल्टवाल्यांकडे जाऊन "ही किती घ्याल?" असं विचारा. ते जे म्हणतील त्याच्या वर चार-पाच हजार, हा थेट गिऱ्हाइकाचा भाव समजा.

हंगामाचाही फरक पडतो. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सोयाबीन-कापसाचा पैसा फिरत असतो. जूनमध्ये सगळ्यांचा पैसा बी-खतात अडकलेला असतो, तेव्हा गावात गिऱ्हाईक मिळणं अवघड. अपवाद लातूर, नांदेड, संभाजीनगर. तिथे शिकायला आलेल्या पोरांना जून-जुलैतच जुनी गाडी लागते.

विकण्याआधी किती खर्च करायचा? थोडाच. सर्व्हिसिंग, ऑइल, चेन ताणून घेणं, गेलेला बल्ब, फाटकं सीट कव्हर, इथपर्यंत. मडगार्डच्या आत सुकलेली काळी माती खरवडून काढा, गाडी निम्मी नवी दिसते. टायर गुळगुळीत झाले असतील तर बदलू नका, भावात दोन हजार सोडा. इंजिनचं काम तर अजिबात काढू नका. विकायच्या तोंडावर इंजिन उघडलं की घेणारा हमखास विचारतो, "कशाला उघडलं होतं?"

नवी कोणती

इथे लोक कंपनीपासून सुरुवात करतात. सुरुवात रस्त्यापासून करा. गाडी रोज कुठे जाणार, किती किलोमीटर, मागे कोण बसणार, काय लादणार?

गाव ते शेत, शेत ते डेअरी, आठवड्याला एकदा तालुका, असं असेल तर शंभर-एकशेदहा सीसीच्या पुढे जायचं कारण नाही. स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसीचं आहे आणि इतकी वर्षं ते बांधावरून धावतंय. प्लॅटिनाची टाकी ११ लिटरची, शॉकअप मऊ, पाठ दुखणाऱ्याला ती सोसते. पाणंद रस्त्याला पोटाखालची उंची बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकोरी पडली की बुटकी गाडी पोटावर टेकते. दुधाच्या कॅन किंवा बियाण्याच्या बॅगा न्यायच्या असतील तर मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. दोन मोठी माणसं बसली की ती संपत आलेली असते.

रोज चाळीस-पन्नास किलोमीटर नोकरीला जाणाऱ्याचं गणित वेगळं. बीडहून गेवराईला जाणारे गुरुजी, जालन्याहून शेंद्र्याला शिफ्टला जाणारा कामगार, तालुके पालथे घालणारा औषध कंपनीचा माणूस, यांच्या वाटेत आता चौपदरी रस्ते आहेत. धुळे-सोलापूर महामार्गावर शेजारून ट्रक गेला की हलकी गाडी वाऱ्याने हलते आणि साठच्या पुढे शंभर सीसीचं इंजिन कण्हायला लागतं. त्यांनी सव्वाशे सीसी बघावी. ॲव्हरेज थोडं कमी पडेल, पण ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागत नाही. दीडशेच्या पुढची गाडी हौस म्हणून खुशाल घ्या, पण गरज म्हणून घेतली असं घरी सांगू नका.

ब्रेकबद्दल एक नियम माहीत असू द्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान जोडब्रेक, म्हणजे सीबीएस असावाच लागतो. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हजार-दोन हजार जास्त देऊन पुढे डिस्क मिळत असेल तर घ्या. महामार्गावर जाणार असाल तर यावर घासाघीस नको.

टायरचा मुद्दा शोरूममध्ये कोणी काढत नाही, आणि आपल्याकडे रोजचा त्रास तोच. बांधावर वेड्या बाभळीचे काटे असतात. ट्यूबच्या टायरला काटा लागला की हवा झटक्यात जाते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून राहिला तर हवा हळूहळू उतरते, माणूस घरी पोहोचतो. उलट बाजूही आहे. ट्यूबलेस बहुधा अलॉय चाकावर येतो, आणि खोल खड्ड्यात अलॉयला चीर गेली तर चाकच बदलावं लागतं. तारांचं चाक गावातला मिस्त्री तासाभरात सरळ करून देतो. माझं मत विचाराल तर शेतरस्त्यालाही ट्यूबलेस. खड्डा दिसतो, काटा दिसत नाही.

किक आहे का विचारा. काही नव्या मॉडेलांना किक येतच नाही आणि बॅटरी बसली की गाडी उभी. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. ते नीट चालतं, पण बिघडलं तर स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही, स्कॅनर लागतो. तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप आहे का, का दर वेळी जिल्ह्याला जायचं? शोरूममध्ये विचारू नका. तेच मॉडेल दोन वर्षं वापरणाऱ्या माणसाला विचारा, क्लच प्लेट आणि साइड पॅनल किती दिवसांत मिळतं तेही विचारा.

सीएनजीची गाडीही आली आहे. बजाजची फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये बाजारात आली. तिच्यात दोन किलोची सीएनजीची आणि दोन लिटरची पेट्रोलची टाकी आहे. तुमच्या रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप असेल आणि तिथे रिक्षांची रांग नसेल, तरच तिचा विचार करा. इलेक्ट्रिक शहरात ठीक. गावात वीज कधी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि बसून बघा, चालवून बघा. दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या. आईला किंवा बायकोला साडीवर एका बाजूने बसायचं असेल तर त्यांनी तिथेच एकदा बसून बघावं. फुटरेस्ट कुठे येतो, धरायला काय आहे, हे फोटोत कळत नाही.

कोटेशन वाचायला शिका

शोरूममध्ये गेल्यावर जुन्या गाडीचा विषय काढू नका. ती जरा लांब लावा. आधी फक्त नवीचं लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक आकडा वेगवेगळा मागा. शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा. बाकी जे असेल त्यावर बोट ठेवून "हे कशाचे?" विचारा.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) विमा एकदम घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. २०२२ ला सरकारने ठरवलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला त्याचे ३,८५१ रुपये अधिक जीएसटी होतात. हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा घेता येतो आणि त्यात कंपनीगणिक फरक पडतो. तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती नाही. बाहेरचा दर मोबाइलवर दाखवला की शोरूमचा आकडाही खाली येतो.

"हँडलिंग चार्जेस", "फाइल चार्ज", "लॉजिस्टिक" असं काही दिसलं तर ते काढायला सांगा. ते आरटीओत भरायचे नसतात. साडीगार्ड आणि मागच्याला धरायची मूठ नियमानेच गाडीसोबत हवी, ती ॲक्सेसरी म्हणून लावलेली असेल तर विचारा. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेटही गाडीबरोबर द्यायचं असतं, मागितलं नाही तर मिळत नाही. लेगगार्ड, सीट कव्हर, टाकी कव्हर बाहेर स्वस्त पडतात.

दोन वेगळ्या गावांतल्या शोरूमची कोटेशनं घ्या. परभणीकराने नांदेडला फोन केला तर बिघडत नाही, नोंदणी राहत्या पत्त्याप्रमाणे होऊ शकते.

हप्त्याचं गणित

"फक्त चार हजाराचा हप्ता" या वाक्यावर आपली माणसं फसतात. व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर) आहे की घटत्या शिलकीवर (फक्त बाकी राहिलेल्या कर्जावर), एवढं विचारा. ८०,००० कर्ज, दोन वर्षं, ११ टक्के फ्लॅट. व्याज १७,६०० आणि हप्ता ४,०६७. तेच ११ टक्के घटत्या शिलकीवर असते तर व्याज साडेनऊ हजाराच्या आसपास. म्हणजे फ्लॅटचे ११ टक्के खरे जवळपास २० टक्के आहेत. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. तुमचं खातं असलेल्या बँकेत किंवा पतसंस्थेत एकदा विचारून या. जुनी विकून आलेले पैसे डाउन पेमेंटला टाकले की कर्ज निम्म्यावर येतं, म्हणून तर जुनीचा भाव इतका महत्त्वाचा.

एक्स्चेंज की बाहेर विक्री

नवीचा भाव पक्का झाला, सवलत ठरली, की मग म्हणा, "आणि माझी एक जुनी आहे, किती धराल?"

समजा शोरूम जुनीचे २८,००० धरतं आणि ३,००० एक्स्चेंज बोनस देतं. एकूण ३१,०००. बाहेर गिऱ्हाईक ३६,००० द्यायला तयार आहे आणि एक्स्चेंज न केल्यास शोरूम २,००० रोख सवलत देतं. बाहेरचे झाले ३८,०००. सात हजारांचा फरक. यासाठी दहा फोन घ्यायचे, चार जणांना गाडी दाखवायची, आरटीओचा अर्ज करायचा, हे तुम्हाला परवडतं का ते बघा. दहा वर्षांपुढची, धूर काढणारी गाडी शोरूमला देऊन मोकळं व्हावं. पाच-सहा वर्षांच्या आतली चालती गाडी स्वतः विकावी.

एक्स्चेंजला दिली तरी नावाचा प्रश्न सुटत नाही. बरेच जण कोऱ्या फॉर्मवर सह्या करून येतात आणि गाडी वर्षभर कुणाच्या तरी गोठ्यात उभी असते. नियमाप्रमाणे जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं असतं. अशा विक्रेत्याला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की तेव्हापासून जबाबदारी त्याची होते. तो भरून देणार का, एवढं विचारा. उत्तर टाळलं तर गाडी बाहेर विका.

गिऱ्हाईक आल्यावर

जाहिरातीत वर्ष, रनिंग, विम्याची तारीख, कितवा मालक हे लिहा. दोष असेल तर तोही. डागडुजी लपवली की माणूस समोर येऊन भाव पाडतो, आधी सांगितलं की निम्मी घासाघीस फोनवरच संपते.

गिऱ्हाईक सकाळी बोलवा आणि इंजिन थंड ठेवा. जाणकार माणूस गरम इंजिन बघून संशय घेतो. तो सायलेन्सरकडे बघणार, निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. हँडल हलवून कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बघणार, पुढचा शॉकअप दाबून ऑइल सील गळतंय का बघणार. शेवटी चेसी नंबर आरसीशी जुळवणार. जुळवू द्या, उलट तुम्हीच दाखवा.

चालवून बघायला देताना मागे बसा. एकटं सोडायचं असेल तर त्याची गाडी आणि लायसन्स तुमच्याकडे ठेवा. ओळखीच्याचा ओळखीचा असला तरी.

भाव असा चालतो:

"काका, हे सांगायचं झालं. आता द्यायचं सांगा."

"अडतीस सांगितले, सदतीस द्या."

"तीसला देऊन टाका, आत्ता पैसे मोजतो."

अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे. मनात खालचा आकडा पक्का ठेवा आणि पाचशे-हजाराच्या पायरीने उतरा. "नाव मी करून देतो, कागद सगळे क्लिअर आहेत" हे सांगितलं की शेवटचे हजार-दीड हजार टिकतात, कारण बाजारात क्लिअर कागदांची गाडी कमी असते.

सौदा ठरला की इसार घ्या आणि पावती द्या. इसार किती, बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत, मोडला तर काय, चार ओळी पुरतात. बाकी पैसे ऑनलाइन आले तर समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा बरोबरचा शिक्का बघू नका, आपल्या खात्यातली शिल्लक बघा. चेकवर गाडी देऊ नका. "अर्धे आत्ता, अर्धे उचल मिळाल्यावर" असं कुणी म्हणालं तर गाडीही तेव्हाच.

नाव उतरवणं

आता मुख्य काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्याच माणसाला गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तो फॉर्म २९. घेणाऱ्याने आपल्या नावासाठी फॉर्म ३० भरायचा, त्याला ३० दिवस. दोन्ही परिवहनच्या संकेतस्थळावरून भरता येतात. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार आणि पत्त्याचे पुरावे. दुचाकी नावावर करण्याचं मूळ शुल्क १५० रुपये आहे, वर स्मार्टकार्ड आणि टपालाचे. एजंट हजार-दोन हजार मागतो तो त्याच्या कामाचा मोबदला. वेळ नसेल तर द्या, पण अर्ज क्रमांक आपल्या मोबाइलवर आला पाहिजे.

खेड्यात अजूनही बॉन्डवर गाड्या विकल्या जातात. आता तो बॉन्ड ५०० रुपयांचा झाला, पण त्याने मालक बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं. गाडी एकामागून एक हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती. अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर आली. तुम्ही गाडी विकून तीन वर्षं झाली, तिने कुणाला उडवलं आणि विमा संपलेला होता, तर नोटीस तुमच्या घरी येते. बॉन्ड करायचा तर करा, फॉर्म २९ आणि ३० च्या जोडीला.

गाडी हाती देताना एक पोचपावती लिहून घ्या. गाडीचा नंबर, चेसी नंबर, मीटरचं रीडिंग, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका. दुपारी तीनला गाडी दिली आणि पाचला तिने सिग्नल तोडला तर हीच ओळ कामाला येते. घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या, गाडीजवळ त्याचा फोटो काढून ठेवा.

घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, म्हणजे गाडी लातूरची एमएच-२४ आणि माणूस नांदेडचा, तर एनओसीचं काय ते अर्ज करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. बिदर किंवा निजामाबादचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागतेच, आणि तिकडे नोंद होईपर्यंत नाव तुमचंच राहतं. देगलूर-उदगीरकडे अशी गिऱ्हाइकं बरीच येतात आणि भावही चांगला देतात. त्यांच्याकडून काही रक्कम अनामत ठेवा, नवी आरसी दाखवली की परत करा.

विमा आणि नवीची डिलिव्हरी

जुन्या गाडीवर तुम्ही क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस साठलेला असतो. पहिल्या वर्षाला २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रीचे कागद दाखवून विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात तेवढी सूट मिळते. शोरूमवाला हे आपण होऊन सांगत नाही. जुना विमा घेणाऱ्याच्या नावावर व्हायला हवा, त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा, हे त्याला सांगा.

नवी गाडी दिवसाउजेडी घ्या. मुहूर्त संध्याकाळचा असला तर तपासणी सकाळी करून या. धनत्रयोदशीला शोरूममध्ये पन्नास गाड्या रांगेत असतात, तेव्हा कोणी नीट बघू देत नाही. चेसी आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा. उत्पादनाचा महिना विचारा, जानेवारीत गेल्या वर्षीची गाडी मिळत असेल तर सवलत मागा. टाकीवर, सायलेन्सरवर ओरखडा आहे का, मीटरवर किती किलोमीटर, सगळे दिवे, हॉर्न, दोन्ही चाव्या, टूलकिट, वॉरंटीचं पुस्तक बघा. नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी घेऊ नका, "पासिंग होईल आठ दिवसांत" म्हणाले तरी.

पहिली सर्व्हिसिंग किती किलोमीटर किंवा किती दिवसांत ते पुस्तकात बघा, ती चुकली तर वॉरंटीत वाद होतो. आणि जुनी गाडी दिल्याला महिना झाला की परिवहनच्या ॲपवर तिचा नंबर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली दिसली तर फाइल बंद करा. तुमचंच नाव दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि त्याने उचलला नाही तर फॉर्म २९, पोचपावती आणि त्याच्या आधारची प्रत जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या. त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.